संध्याकाळच्या रंगांची सुरी

हिरव्यागार डोंगराच्या कुशीत, सळसळणाऱ्या बांबूच्या बेटाआड, एका छोट्याशा झोपडीत केवडी आणि तिचा आबा राहत होते. झोपडीला दार होतं, पण कडी नव्हती. चोरून न्यावं असं आत होतंच काय? एक मडकं, दोन थाळ्या, एक घोंगडी आणि एक विझलेली भट्टी.

आबा पूर्वी लोहार होता, आणि साधासुधा लोहार नव्हता. त्याच्या विळीवर कांदा चिरला की कांद्यालासुद्धा कळायचं नाही, आपण कधी चिरले गेलो! पण हळूहळू आबाच्या डोळ्यांत धुकं उतरलं. आधी लांबचा डोंगर दिसेनासा झाला, मग बांबूचं बेट, मग केवडीचा इवलासा चेहरा. तापल्या लोखंडाचा रंगही दिसेना, तेव्हा आबाने हातोडा खाली ठेवला तो ठेवलाच. आता तो दिवसभर दोर वळत बसायचा आणि फारसं बोलायचा नाही.

केवडी रानातून सुक्या काटक्या आणून विकायची. त्यावर दोघांची भाकरी निघायची. कधी कधी एकच निघायची. मग आबा म्हणायचा, "मला आज भूक नाही बघ." केवडी म्हणायची, "मला पण नाही." दोघंही खोटं बोलायचे आणि दोघांनाही ते ठाऊक असायचं.

पण या गरीब केवडीकडे एक खजिना होता! लाल कापडाच्या गुंडाळीत, एकेका खिशात एकेक, चिमुकल्या सुऱ्या. एक गाडीच्या खिळ्याची, एक घोड्याच्या नालेची, एक नदीच्या वाळूत सापडलेल्या लोखंडाची, आणि सगळ्यांत लाडकी, मोडक्या करवतीच्या पात्याची. कुणाला चिंचेच्या लाकडाची मूठ, कुणाला बांबूची. चुलीतल्या निखाऱ्यांवर लोखंड लालबुंद करायचं, ठोकायचं आणि ओढ्याच्या गार पाण्यात चर्रर्र करून बुडवायचं, हा तिचा छंद होता. आबा काम करायचा तेव्हा तिने एवढंच पाहिलं होतं. पुढे काय करायचं हे पाहायच्या आतच भट्टी विझली होती.

आबाने शिकवलेले नियम मात्र ती कधी मोडत नसे. सुरी घेऊन पळायचं नाही. सुरी कुणाच्या हातात द्यायची नाही, जमिनीवर ठेवायची, मग दुसऱ्याने उचलायची, नाहीतर दोघांत भांडण होतं.

तरीही शेजारच्या यमीची आई यमीला बजावायची, "त्या सुऱ्यावाल्या पोरीपासून लांब राहा गं!" मग यमी आपल्या पांढऱ्याशुभ्र करडाशी खेळायची आणि केवडी कुंपणापलीकडून बघायची. बिचारीला फार वाईट वाटायचं. करवंदाच्या काट्यांशिवाय तिने आजवर कशालाही इजा केली नव्हती.

एके दिवशी काटक्या वेचता वेचता केवडीला घाणेरीच्या दाट जाळीत काहीतरी लुकलुकताना दिसलं. तिने वाकून पाहिलं आणि ती डोळे विस्फारून बघतच राहिली. काट्यांमध्ये एक काजव्याएवढी परी अडकली होती! तिचे पंख केशरी होते, केस सोनेरी होते आणि झगा जास्वंदीसारखा लालचुटूक होता.

"सोडव ना मला," परी किनऱ्या आवाजात म्हणाली. "हललं की काटे टोचतात."

"थांब हं, अजिबात हलू नकोस." केवडीने लाडकी सुरी काढली आणि अलगद एकेक काटेरी फांदी कापली. शेवटची फांदी जाड होती. तिने जोर लावला आणि टिक्! सुरीचं टोक तुटून पडलं. परी भुर्रकन बाहेर आली, पण केवडीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"तुझी सुरी माझ्यापायी मोडली," परी हळहळली.

"असू दे. तुझे पंख मोडले असते तर ते कुठे नवे करता आले असते?"

परी खुदकन हसली. तिच्या हसण्यातून सोनेरी कण उडाले. "मी ठिणगी परी. तुझ्या आबाच्या भट्टीतून शेवटची ठिणगी उडाली ना, ती मीच. वाऱ्याने मला इथे आणून टाकलं. बोल केवडे, तुला काय हवं?"

केवडीने क्षणभरही विचार केला नाही. "माझ्या आबाला दिसू दे."

परी गंभीर झाली. "हे मोठं मागणं आहे, सोनुले. त्याला नियम आहेत. त्यासाठी मला एक सुरी लागेल, जीव लावून केलेली. तिच्या पात्यावर संध्याकाळचे सगळे रंग हवेत. ज्याच्यासाठी मागतेस, त्याला सांगायचं नाही. आणि उद्या दिवस मावळायच्या आत ती इथे आणायची. मग मला जावंच लागेल."

"सुरीवर संध्याकाळचे रंग? ते कसे येतात?"

"ते ज्याला ठाऊक आहे, तो तुझ्याच घरात दोर वळत बसलाय," परी म्हणाली.

केवडी घरी आली आणि तिने मोडकी सुरी आबासमोर जमिनीवर ठेवली. आबाने चाचपून ती उचलली आणि तुटलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"पाणी दिलंस आणि तशीच सोडलीस ना?"

"मग अजून काय करायचं?"

"अगं वेडे, गार पाण्यात बुडवलं की लोखंड काचेसारखं होतं. कडक, पण जरा ताण आला की तुटतं. त्याला पुन्हा ऊब द्यावी लागते, हळूहळू. मग त्याच्यावर रंग चढतात. ते रंग बघत..." आबा थांबला. त्याने सुरी खाली ठेवली. "जाऊ दे. ज्याला दिसत नाही, त्याने रंगांच्या गोष्टी कशाला कराव्यात?"

"पण आबा, मला दिसतं की! मी रंग सांगते, तुम्ही कधी थांबायचं ते सांगा."

आबाने मांडीवरचा दोर बाजूला सारला. मग म्हणाला, "माळ्यावर माझी जुनी कानस आहे. आण बघू. तिचं पोलाद चांगलं आहे, त्याचीच सुरी करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी धडधडून पेटली! केवडीने भाता ओढला, आबाने हातोडा उचलला. ठण् ठण् ठण्! हातांना सगळं आठवत होतं. पातं घडलं, घासलं, पाण्यात बुडालं, घासून पुन्हा लख्ख झालं. मग आबाने एक जाड लोखंडी ठोकळा तापवला आणि पात्याची पाठ त्यावर टेकवली.

"आता सांग, पोरी."

"पाठीवर पिवळा आलाय, आबा. हळदीसारखा! आता गुळासारखा. पिवळा पुढे सरकतोय. आता पाठ जांभळी झाली! आणि आता... आबा, मोरपंखी!"

"आणि धार?"

"धारेवर आता हळद आली."

"उचल!" आबा ओरडला, आणि पातं पाण्यात गेलं.

बाहेर आलं तेव्हा केवडीने ते उजेडात धरलं. पाठीला मोरपंखी निळा, मग जांभळा, मग गुळाचा तांबूस आणि धारेवर हळदीचा पिवळा! सगळी संध्याकाळ तिच्या मुठीत मावली होती.

"जप हो," आबा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू होतं. "हे रंग फार पातळ असतात. वाळू लागली की गेलेच."

चिंचेची मूठ बसवेपर्यंत उन्हं कलली. केवडीने सुरी लाल गुंडाळीत ठेवली आणि ती भराभरा निघाली. पळाली मात्र नाही.

ओढ्यापाशी यमी हंबरडा फोडून रडत होती. तिचं करडू पाण्यात घसरलं होतं आणि गळ्यातला दोर झाडाच्या मुळात अडकला होता. जितकं ओढावं तितका फास आवळत होता. "केवडे, काहीतरी कर गं! मरेल ते!"

केवडी पाण्यात उतरली. दोर जाड होता आणि वाळूने माखलेला. तिने खिळ्याची सुरी लावली. टिक्! नालेची लावली. टिक्! एकेक करून सगळ्या सुऱ्या मोडल्या. आता गुंडाळीत फक्त एकच उरली.

केवडीने मावळत्या सूर्याकडे पाहिलं. तिला आबाचे धुकाळलेले डोळे आठवले. तेवढ्यात करडू केविलवाणं ओरडलं आणि त्याचं नाक पाण्याखाली गेलं.

केवडीने रंगांची सुरी काढली. खर्र, खर्र, खर्र! सुरी तुटली नाही, तुटला तो दोर. करडू उडी मारून यमीच्या कुशीत गेलं. यमी केवडीच्या गळ्यात पडली. पण पात्यावर आता नुसते ओरखडे होते. मोरपंखी नाही, जांभळा नाही, हळदीचा ठिपकासुद्धा नाही.

रडत रडतच केवडी जाळीपाशी पोचली. पश्चिमेला लाल रेघ तेवढी उरली होती. तिने सुरी जमिनीवर ठेवली.

"रंग कुठे गेले?" परीने विचारलं.

"वाळूने खाल्ले."

"ते जातील हे तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं. पण करडू बुडत होतं." केवडी हुंदके देऊ लागली. "आता माझ्या आबाला दिसणार नाही ना?"

"नियम म्हणजे नियम, सोनुले. रंग हवेतच," परी हळुवारपणे म्हणाली. "पण ते गेले म्हणून परत येऊ नयेत असा नियम कुठे आहे? पुन्हा ऊब दिली की पुन्हा येतात. आणि ठिणगीकडे ऊब नाही, तर कुणाकडे असणार?"

ती सुरीच्या पाठीवर जाऊन बसली आणि पंख मिटून पात्याला बिलगली. पात्यावर हळद उमलली, गूळ पसरला, जांभूळ पिकलं, मोरपीस हललं! जसजसे रंग चढत गेले, तसतशी परी फिकी, आणखी फिकी होत गेली.

"अगं, तू विझशील!"

"विझत नाही गं, वेडाबाई. घरी चाललेय." आणि लख्ख! सगळ्या रानभर सोनेरी, केशरी, निळा, जांभळा उजेड पसरला. पानापानावर रंगीत दवबिंदू चमकले. उजेड ओसरला तेव्हा परीही नव्हती आणि सुरीही नव्हती.

आज केवडीच्या हातात एकही सुरी नव्हती. म्हणजे पळायला हरकत नव्हती! ती धूम पळत सुटली.

झोपडीच्या दारात आबा उभा होता. आत भट्टीतून ठिणग्यांचं कारंजं उडत होतं. आबा एकटक तिच्याकडेच बघत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"अगं केवडे," आबा म्हणाला, "परकर किती चिखलाने भरवलास! आणि... आणि किती मोठी झालीस गं तू!"