भाडेकरू राजा

"कुलूप काढ, तुळसाक्का!"

"काढते की, दिवाणजी. आधी भाड्याचं बोला."

पूर्वदरवाजाजवळच्या बारा खोल्यांच्या घरापुढे दिवाण भानजी घामाने निथळत होता. उंबऱ्यावर तुळसाक्का कासारीण ऐसपैस बसली होती. मांडीवर बांगड्यांची दुरडी, कमरेला किल्ली. आणि नदीपलीकडे राजकन्येच्या नवरदेवाचं वऱ्हाड येऊन ठेपलं होतं. दिवेलागणीच्या आत तीनशे माणसांना उतरायला जागा हवी होती.

सगळं झालं होतं राजाच्या एका नादापायी. अमरोजीराजाला घरं घ्यायचं वेड लागलं होतं. भाव चढेल म्हणून गावातलं एकेक मोठं घर विकत घ्यायचं, कुलूप ठोकायचं नि वाट बघायची. भाव चढला खरा. घरं मात्र उंदरांनी वापरली. उरल्यासुरल्या खोल्यांची भाडी तिप्पट झाली, आणि तुळसाक्काच्या घरमालकाने तिला पौर्णिमेपर्यंत खोली सोडायला सांगितलं.

ती तडक दरबारात गेली. मला घर घ्यायचंय, म्हणाली. राजाला गंमत वाटली. हेच बारा खोल्यांचं घर त्याने देऊ केलं, हजार मोहरांना, पौर्णिमेच्या मुदतीने. पदरचा पैसा घालायचा नाही, कर्ज काढायचं नाही, कुणापुढे हात पसरायचा नाही. जमलं नाही तर गाव सोडायचं. दरबार पोट धरून हसला. तुळसाक्का हसली नाही. मुदतीपर्यंत किल्ली माझ्याकडे आणि घर दुसऱ्या कुणाला विकायचं नाही, एवढं तिने लिहून मागितलं. हसण्याच्या भरात राजाने शिक्का उमटवला.

दरबारातल्या मिशांना ठाऊक नव्हतं ते तिला ठाऊक होतं. दरबारात जाण्याच्या दोनच दिवस आधी ती राणीवशात चुडा भरायला गेली होती. कासारणीच्या हातात हात अडकला की बाईला उठता येत नाही, मग ती बोलते. राणी बोलली. राजघराण्याची रीत अशी, की लग्न लागेपर्यंत व्याह्यांनी मुलीच्या बापाच्या मालकीच्या छपराखाली पाठ टेकायची नाही. टेकली तर सोयरीक मोडली. आणि गावात राजाच्या मालकीचं नाही असं मोठं घर उरलंय कुठे? राजाच्या कानावर राणीने हे तीनदा घातलं होतं. बायकांच्या गोष्टी म्हणून त्याने ते तीनदा सोडून दिलं होतं.

आता तोच राजा घोडा दौडवत आला.

"चार रात्रींचं भाडं किती म्हणतेस?"

"हजार मोहरा, महाराज."

"ही लूट आहे!"

"भाव चढेल म्हणून घर अडवून ठेवायचं, हे आपल्याकडूनच शिकले. चढला."

भानजी मध्ये पडला. "खरेदीखत झालेलं नाही. घर तुझं नाहीच, तर भाडं कसलं मागतेस?"

"मग महाराजांचंच म्हणा," तुळसाक्का किल्ली काढून पुढे करत म्हणाली. "ही घ्या. आणि व्याह्यांना तसं कळवा."

किल्लीला कुणी हात लावेना. नदीवरून ताशाचा आवाज येऊ लागला. राजाने तिथेच, घोड्याच्या पाठीवर कागद ठेवून, खरेदीखतावर सही केली.

"पण मोहरा कुठायत?" भानजीला अजून राहवेना.

"महाराजांनी मला द्यायच्या, मी महाराजांना द्यायच्या. एवढ्यासाठी खजिनदाराला कशाला पळवता?"

आता मात्र राजा खदखदून हसला. इतका, की घोडा बिचकला. हसता हसताच त्याने कुलपं लावलेल्या सगळ्या घरांच्या किल्ल्या तिच्या दुरडीत टाकायला सांगितल्या. घरं रास्त भाड्याने लावायची, आणि भाड्यात चौथा हिस्सा तिचा.

कुलूप उघडलं. तरी राजा पायरीवर घुटमळलाच. स्वतः विकत घेतलेल्या घरात भाडेकरू झाल्याचं त्याला काही पचेना. व्याह्यांनी विचारलं, घर कुणाचं, तर मी काय सांगू, असं तो पुटपुटला.

"सांगा, मालकीण ओळखीची आहे, म्हणून स्वस्तात मिळालं."