महाराजांच्या खांद्यावरचा ताणा

श्री भिकोबा महाराज त्या काळी नांदुरे गावी, ओढ्याकाठच्या झोपडीत राहत. स्वभाव मोठा तापट. देवालासुद्धा अरे-तुरे करून खडसावणारे! पण गरिबाच्या हाकेला त्यांनी कधी उशीर केला नाही.

त्याच गावची ठकूबाई साळीण महाराजांची भक्त. नवरा गेल्यापासून माळ्यावर पडलेला त्याचा माग तिने खाली काढला होता. चार दिवसांवर चैत्री पौर्णिमा आलेली, आणि देवीला हातविणीचा खण वाहायची पाळी यंदा तिच्या घराची. पाळी चुकली की मान कायमचा जायचा.

तीन दिवस बाई एकटी झटली. फणी बसवावी तर पायाखालची पावडी निसटे, पावडी बांधावी तर दोऱ्या गुंतत. चौथ्या सकाळी एकदाचं सगळं जुळलं. ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, दोरी ओढून तिने समोरच्या खांबाला बांधली, आणि खांब कडाड मोडला! वाळवीने आतून पोखरला होता.

"माग ठेवून गेले, वाळवीही ठेवून गेले!" तिने कपाळावर हात मारला.

शेजारी अप्पाशेट, गावातले मोठे विणकर. त्यांच्या अंगणात सागाचे सहा खांब नुसते पडलेले. ठकूबाईने एक मागितला.

"बाईमाणसानं खणाची चोळी शिवावी, माग मांडू नये," शेट हसले. "मान येऊ दे आमच्या घरी. मी निघालो लिंबगावला, महाराजांच्या कीर्तनाला."

काय म्हणावं या माणसाला! शेजारीण रडकुंडीला आलेली, आणि हा पुण्य जोडायला दोन कोस निघाला!

ठकूबाई घरात येऊन ओरडली, "महाराज, हाक मारायला तुम्हीच शिकवलंत ना? मग या आता!"

वळून बघते तो महाराज दारात!

"ओरडतेस कशाला? बहिरा नाही मी," असे म्हणून महाराज खांबाच्या जागी जाऊन बसले. "बांध दोरी खांद्याला."

"महाराज, तुमचं तर कीर्तन आहे ना? आणि तुम्हाला दोरी बांधू?"

"कीर्तनाचं मी बघतो. बांध म्हटलं ना!"

तिने दोरी बांधली. दिवसभर धोटा धावत राहिला.

तिकडे लिंबगावात एरवी नाचून कीर्तन करणारे महाराज जागचे हलेनात. पुढेच बसलेल्या अप्पाशेटांनी विचारलं, "महाराज, आज नाचत का नाही?"

"हललो तर ताणा ढिला पडेल! गप्प बैस!" महाराज कडाडले. कोणालाच काही उमगले नाही.

संध्याकाळी शेट परतले ते थेट ठकूबाईला खिजवायला. बघतात तो हिरवागार खण विणून तयार!

"खांबावाचून ताण्याची दोरी कशाला बांधलीस?"

"महाराजांच्या खांद्याला. आत्ताच उठून गेले."

"खोटं! महाराज तर दिवसभर माझ्यासमोर..." बोलता बोलता शेटांना कीर्तनातले ते शब्द आठवले. ते तसेच झोपडीकडे धावले. महाराज खांद्याला तेल चोळत बसले होते. खांद्यावर दोरीचा लाल वळ, आणि त्याला चिकटलेला एक हिरवा धागा!

शेटांनी पायांवर लोळण घेतली. "चुकलो, महाराज!"

"पाया नंतर पड," महाराज वैतागून म्हणाले. "सहा खांब उराशी धरून बसलास आणि माझा खांदा सोलवटलास. जा, एक तिला देऊन ये. गडी नको. स्वतःच्या खांद्यावरून ने."

भर गावासमोर खांब वाहत अप्पाशेट ठकूबाईच्या दारी आले. खांब टेकवून त्यांनी मागापुढे डोकं ठेवलं.

ठकूबाईने डोळे पुसले आणि विचारलं, "वाळवी बघून आणलात ना?"