केरबाचा तांब्याचा कान

केव्हाची गोष्ट म्हणाल, तर ती वर्षं मोजायला आता कुणी उरलेलं नाही. कोंडसरच्या दरीवर तेव्हा पूल नव्हता, एवढं मात्र नक्की. अर्धं गाव ऐलकड्यावर, अर्धं पैलकड्यावर, आणि मधे अशी दरी की खालचं पाणी दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. पलीकडे चालत जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. म्हणून कोंडसरात सोयरीक जुळायची तीही हाका मारून आणि भांडण व्हायचं तेही हाका मारून.

त्या हाकांची एक रीत होती. तिसरी हाक आल्याशिवाय कुणी ओ द्यायची नाही. दरीत जे काही होतं, त्याला दोनच हाका मारता येत, असं म्हणतात. तिसरी मारतो तो माणूस. भागू गुरव हा चांगला धट्टाकट्टा गडी, पण एकदा भर दुपारी बाराला घाईघाईत दुसऱ्याच हाकेला ओ देऊन बसला. संध्याकाळी तो दरीच्या तळाशी सापडला. तेव्हापासून लेकरं बोलायला लागली की त्यांना आधी तीन आकडे मोजायला शिकवत.

त्या गावात केरबा नावाचा तांबट होता. हंडे, घंगाळी, पराती घडवायचा, आणि हात रिकामा असला की नसते उद्योग करायचा. पाण्यावर फिरणारा पाळणा त्याने केला होता, त्यातून पोर पडलं नाही हे नशीब. एकदा त्याने नवी मोठी परात ठोकून अंगणात उताणी ठेवली आणि तो जेवायला बसला. वारा नव्हता, जवळपास कुणी नव्हतं, तरी परात बारीक आवाजात गुणगुणत होती. केरबाने तिला कान लावला. घास हातात तसाच राहिला. कुणीतरी लांबून बोलावतंय, असं त्याला वाटलं, आणि ते दरीतून नव्हे, वरून.

गाव हसलं. केरबा म्हणाला, पैलकड्याला दिवा दिसला की तिथं घर आहे हे आपण न बघता ओळखतो. मग वर एवढे दिवे दिसतात, तिथं कुणीच राहत नाही असं कसं? यावर उत्तर कुणाला सुचलं नाही. ते सुचलं नाही याचाच लोकांना जास्त राग आला.

त्याने गावातली फुटकी भांडी गोळा केली, मोड म्हणून जी परसात पडलेली असतात ती. ती वितळवून त्याने सड्यावर, म्हणजे कड्यावरच्या उघड्या कातळावर, तांब्याचा एक कान घडवायला घेतला. त्याला बारा वर्षं लागली. चार बैल आत रवंथ करत बसतील एवढा मोठा तो कान होता, असं म्हणतात. त्याच्या तळातून एक नळी बाहेर काढली होती, तिला आपला कान लावायचा. शेजारी दोन पुरुष लांबीचा कर्णा उभा केला होता, तोंड आभाळाकडे. रात्री रातकिडे काही ऐकू देत नाहीत, म्हणून त्याने दुपार निवडली. वैशाखात भर बाराला वारा पडतो आणि पाखरंही गप्प होतात. चांदण्या काय, दिसल्या नाहीत तरी जागेवरच असतात.

पण हाक मारायची म्हणजे नाव पाहिजे. वरच्यांचं नाव कुणाला माहीत? केरबा चार दिवस त्यातच अडकून बसला. शेवटी त्याची बायको तुळसा हसून म्हणाली, "आम्ही बायका जन्मभर नाव न घेता हाक मारतोच की. 'अहो' म्हणा."

म्हणून केरबा रोज दुपारी कर्ण्यात तोंड घालून आभाळाला तीनदा "अहो" अशी हाक मारू लागला. नवऱ्याला मारावी तशी चांदण्यांना हाक मारतो म्हणून गावातल्या बायका पदर तोंडाला लावून हसत. हसायचे दिवस होते ते.

मग ते दिवस सरले. जन्मभर तांब्यावर ठोके घालणाऱ्याचे कान एक दिवस जातातच, केरबाच्या बापाचे गेले होते. आधी त्याला तुळसाच्या बांगड्या ऐकू येईनाशा झाल्या. मग दरीतलं पाणी गेलं. एका सकाळी त्याने ऐरणीवर हातोडा घातला आणि त्याचाही आवाज आला नाही, तेव्हा त्याने हातोडा खाली ठेवला. बारा वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते उत्तर उद्या आलं, तरी आता त्याला कळणार नव्हतं. केरबाला मरणाची भीती नव्हती, पण या एका गोष्टीने तो रडला.

त्यातच त्या वर्षी गावात तापाची साथ आली. दोन पोरं दगावली. लोक म्हणू लागले की हा भर बाराला बिननावाच्या हाका मारतो, आणि भलत्यालाच त्या ऐकू जातात. पाटील घण घेऊन सड्यावर आले.

"केरबा," ते म्हणाले, "आमची लेकरं हायती घरात. आखितीच्या दुपारपत्तुर काय ऐकायचं ते ऐक. मग हे आम्ही फोडणार."

केरबाला त्यांचे ओठ हलताना दिसले आणि खांद्यावरचा घण दिसला. तेवढ्यावरून त्याला सगळं समजलं.

आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, उजाडली. दुपारी सगळं गाव सड्यावर जमलं. कातळ पावलं भाजत होता, पण कुणी सावलीला गेलं नाही. पाटलांच्या खांद्यावर घण होता, मागे सहा गडी घण टेकून उभे होते. केरबाने तीनदा "अहो" म्हटलं आणि तो नळीपाशी येऊन बसला. नळीला कान लावला तुळसाने. तिने त्याचा हात हातात घेतला. काही ऐकू आलं की तिने हात दाबायचा आणि त्याने लगेच उठून कर्ण्यातून ओ द्यायची, असं दोघांचं ठरलं होतं.

सावल्या पायाखाली आल्या. वारा पडला. पाटलांनी घण उचलायची खूण करायला हात वर केला, आणि तो हात तसाच राहिला.

तांबं गुणगुणायला लागलं होतं. मग त्या कानातून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, कुणीतरी म्हणालं, "अहो."

तो आवाज पुरुषाचा नव्हता आणि बाईचाही नव्हता. कुणी ओ दिली नाही. पहिल्या हाकेला कोण देणार? एका आईने लेकराच्या तोंडावर हात ठेवला.

"अहो," दुसरी हाक आली.

तुळसाच्या डोळ्यांपुढे भागू गुरव उभा राहिला. भर दुपार होती आणि हाका दोन झाल्या होत्या. हात दाबला तर हा क्षणाचाही विचार न करता ओ देईल, हे तिला ठाऊक होतं. तिने हात दाबला नाही. ती तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिली. केरबा एकदा लोकांच्या चेहऱ्यांकडे बघत होता, एकदा तिच्याकडे.

"आलं का गं?" त्याने विचारलं.

ती हलली नाही. सगळं गाव श्वास धरून मनातल्या मनात तीन म्हणत होतं. सावल्या पायाखालून निघाल्या, वीतभर लांबल्या. तांब्याचं गुणगुणणं बारीक होत गेलं आणि थांबलं. तिसरी हाक आलीच नाही.

शिकलेले लोक हल्ली म्हणतात, तो दरीचा प्रतिध्वनी होता. असेल बापडा. पण केरबाने हाका मारल्या होत्या तीन, आणि परत आल्या दोन. प्रतिध्वनी काय मोजून येतो?

तुळसाने त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं, आणि ओठ दिसतील असं सावकाश सांगितलं, "दोनदा आली. मी हात दाबला न्हाई. तुम्हांला दरीनं नेलं असतं. मला तुम्ही पाहिजे होता."

 केरबाची बारा वर्षं त्या एका क्षणात गेली होती. पण तो चिडला नाही.

"तीन मारायच्या असत्यात," तो म्हणाला, "हे त्यांस्नी आपण कुठं सांगितलं हुतं?"

मग तो उठला आणि कर्ण्याला तोंड लावून त्याने ओ दिली. कोंडसरातल्या घराघरांत चुलीशेजारचे हंडे त्या आवाजाने घुमले आणि पैलकड्यावरच्या गाई उठून उभ्या राहिल्या, असं म्हणतात. त्याने दुसऱ्यांदा ओ दिली तेव्हा पाटलांनी घण खाली टाकला आणि आभाळाकडे तोंड करून तेही "ओ" म्हणाले. मग सगळं गाव म्हणालं. दिवस मावळेपर्यंत केरबा ओ देत होता, घसा फुटला तरी देत होता. वरून काही आलं नाही.

कान कुणी फोडला नाही. पुढे सात वर्षं ती दोघं रोज दुपारी तिथं जाऊन बसत, हातात हात धरून. सातव्या वर्षी केरबा अंथरुणाला खिळला. शेवटच्या दिवशी दुपारी तुळसाने अचानक त्याचा हात घट्ट दाबला. केरबाने डोळे उघडले, स्पष्ट "ओ" म्हणाला, आणि गेला. घरात बसलेल्या दुसऱ्या कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. हाक खरंच आली होती की तुळसाने आपल्या मनाने हात दाबला, हे तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही, आणि तिनेही कधी सांगितलं नाही.

आता दरीवर पूल आहे. तांब्याचा कान हिरवा पडलाय, पावसाळ्यात त्यात पाणी साठतं आणि गुरं ते पितात. पण आखितीला भर बाराला सगळं गाव सड्यावर जमतं. पुरुष कानांत कापसाचे बोळे घालून उभे राहतात. प्रत्येकाचा हात बायकोच्या हातात असतो. ज्याला बायको नाही त्याचा आईच्या, बहिणीच्या, नाहीतर शेजारी जी उभी असेल तिच्या. गावातलंच कुणीतरी कर्ण्यातून एक हाक देतं, "अहो." एकच. आणि त्या एकीलाच सगळ्या बायका हात दाबतात, आणि पुरुष ओ देतात. दुसरीसाठी कुणी थांबत नाही.