कोळिणीचा निकाल

फार फार वर्षांमागे एका माळावर पाणवठ्याचा राखणदार मतं घेऊन निवडत. आधी सगळे वडाखाली खडे टाकत आणि ते सर्वांदेखत मोजत. मग एका वर्षी मुंगूस आणि कोल्हा उभे राहिले, तेव्हा आठ पायांच्या कोळिणीने आपल्या जाळ्यातून घरोघर दोन धागे पोचवले, एक मुंगसाचा, एक कोल्ह्याचा. घरबसल्या हवा तो धागा ओढायचा. जाळ्याच्या मधोमध बसून निकाल ती सांगणार.

कोल्हा निवडून आला तशी टिटवी जाळ्यापाशी धावली. तिची अंडी पाणवठ्याकाठी उघड्यावर होती. शिवाय कोल्ह्याला मत दिलेलं कुणी तिला भेटेना.

"माझं मत मुंगसालाच पडलं, हे दाखव मला," ती म्हणाली.

"तुला जाळ्यातलं काय कळतंय?" कोल्ह्याच्या उष्ट्यावरच्या माश्या खाऊन गुबगुबीत झालेली कोळीण फणकारली. "विश्वास ठेव."

"अंडी माझी आहेत. विश्वास कसला ठेवू? पुन्हा मत घे!"

टिटवीने असा कलकलाट मांडला, की कोळिणीने वैतागून दुसऱ्या दिवशी फेरमतदान ठेवलं. टिटवी लगेच घरोघर जाऊन प्रत्येकाच्या कानात काहीतरी सांगून आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जाळ्यापाशी जमले.

"कोल्हाच!" कोळीण म्हणाली. "आणि या खेपेला मतं आणखी वाढली!"

"कोळीणबाई," टिटवी म्हणाली, "कोल्हा सोडला तर आज कुणी धाग्याला शिवलंसुद्धा नाही."

मग तिने पायाजवळचा खडा चोचीत धरला आणि ती तडक वडाकडे निघाली. तिच्यामागे अख्खा माळ खडे वेचू लागला.