दाजीबा पैलवानांचे नाक

डोंगराच्या पायथ्याशी एक वृद्धाश्रम होता. तिथे दाजीबा नावाचे एक म्हातारे पैलवान राहत. ऐंशी उलटली तरी सकाळी जोर मारायचे आणि जेवताना कोणी भाकऱ्या मोजल्या तर रागवायचे.

कोरोनाची साथ आली. व्यवस्थापिका वत्सलाबाईंनी फाटकाला कुलूप लावले. ताप मोजायचे यंत्र लगेचच बिघडले, तेव्हा दाजीबांनी आपला पंजा पुढे केला. "यंत्र कशाला? हात लावला की ताप कळतोय मला."

झाले! रोज सकाळी ते खाटेखाटेशी जाऊन प्रत्येकाच्या कपाळाला हात लावू लागले. सुरुवात अनसूयाआक्कांपासून. आक्कांना दमा होता आणि दाजीबांनी त्यांना बहीण मानले होते. त्यांना काही होऊ नये, एवढाच दाजीबांना घोर. कोणाचे कपाळ गरम लागले की त्याची रवानगी कोपऱ्यातल्या खोलीत. बिचारे कानडे गुरुजी नुसते उन्हात बसून आले होते, तेही आत गेले.

एके दिवशी तालुक्याहून डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "सगळ्यांची चाचणी करायची. खोकणाऱ्यांची आणि न खोकणाऱ्यांचीही. इथे काम करणाऱ्यांचीसुद्धा."

दाजीबा हसले. "माझ्या छातीत कोरोना शिरला तर त्यालाच धाप लागंल! काडी घालायची तर आजाऱ्याच्या नाकात घाला."

सगळे हसले. आक्का मात्र हसल्या नाहीत. "दाजीबा, मला जपतोस ना? मग बस मुकाट्याने."

पैलवान मुकाट बसले. काडी नाकात गेली आणि अशी शिंक आली की फाटकावरचे कावळे उडाले.

निकाल आले. खोलीत कोंडलेले गुरुजी ठणठणीत. आक्काही सुखरूप. कोरोना निघाला तो स्वयंपाकीण शेवंताला आणि दाजीबांना. दोघांनाही ना ताप, ना खोकला.

"म्हंजे रोज सकाळी आक्काच्या कपाळाला मीच..." दाजीबा पुटपुटले. एवढा आडदांड माणूस, पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला.

"आज आक्का वाचल्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्याचं मी सांगू शकले नसते."

दाजीबांनी डोळे पुसले. चाचणी खोटी म्हणाले नाहीत, की कोणाला बोल लावला नाही. कोपऱ्यातल्या खोलीपाशी गेले आणि लांबूनच ओरडले, "गुरुजी, चुकलं माझं. बाहेर या. आता ही खोली माझी."

गुरुजी गालात हसले. "खुशाल राहा. इथे कोणी कपाळाला हात लावत नाही!"

शेवंता शेजारच्या खोलीत गेली. काम जाईल म्हणून ती घाबरली होती. वत्सलाबाई म्हणाल्या, "अगं, तू आधी बरी हो. तोवर पिठलं मी करते." ते पिठले खाल्ल्यावर सगळा आश्रम शेवंतासाठी देव पाण्यात घालून बसला.

दोघेही खडखडीत बरे झाले. डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, तेव्हा रांगेत सगळ्यांच्या पुढे दाजीबा उभे होते, मान वर करून.

"बाई, आधी माझं नाक. मला आक्काजवळ बसायचंय."

तात्पर्य: आपल्याला काही होत नाही, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला काही होणार नाही असे नव्हे. ज्याच्यावर माया आहे त्याला जपायचे असेल, तर तपासणीची सुरुवात स्वतःपासून करावी.