काटा आणि फुंकर

“...पण तुमच्या फुंकरीतून काय जातं, हे तरी ठाऊक आहे का तुम्हाला?”

विषाणूंवर संशोधन करणाऱ्या डॉ. वेदश्री लाटकर दर्ग्याच्या ओसरीत उभ्या होत्या. गावात तापाची साथ होती. अकरा माणसं गेली. तरी लोक पाण्याचे पेले घेऊन इथंच येत, त्यावर बादलशहा फकिरांची फुंकर मागत.

बाबा चादरीचं टोक नाकातोंडावर ओढून बसले होते.

“काय जातं, बेटी?”

“विषाणू. त्याच्या अंगावर काटे असतात. त्यांनीच तो आपल्याला धरतो.”

“बाभळीसारखे?”

“बाभळीचा काटा दिसतो तरी!” म्हाताऱ्याला नीट ऐकू जावं म्हणून त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला. “आधी हा काटा खोल छातीत रुतायचा. माणूस मरायचा, पण दुसऱ्याला सहसा देत नसे. आता काट्यात एवढासा फरक पडलाय. तो घशातच रुततो. हा फरक सगळ्यात आधी मी पाहिला. मी!”

“मग... आता?”

“आता खोकावंही लागत नाही. माणूस नुसता बोलला तरी पुरे.” त्या खाकरल्या. “सकाळपासून घसा जरा... ते जाऊ द्या. तुम्ही फुंकर बंद करा.”

“आठ दिवस झाले बंद करून.”

“का? काय झालं?”

“शेवटची गावातल्या मुनीरच्या पोराला घातली. त्याच संध्याकाळी मला ताप भरला. पोराला परवा पुरलं.”

बाबांनी चादर आणखी वर ओढली.

“आता लोक पेला पुढं करतात. मी हात जोडतो. म्हणतात, म्हातारा आटला.”

खांबाला टेकून जैतुन बसली होती. मांडीवर तिचं दीड महिन्याचं बाळ, झोपेत तोंड उघडं टाकलेलं.

“म्हणजे तुम्हाला कळलंय की!” वेदश्रींचा चेहरा उजळला. “मग यांनाही कळायलाच हवं. ऐका हो ताई, मी अगदी सोपं करून सांगते. हा काटा असतो ना...”

त्या बाळावर वाकल्या.

बाबांनी मोरपिसांचा कुंचा मध्ये आडवा धरला. रोज जो लोकांच्या डोक्यावर अलगद टेकवायचे, तोच.

“जैतुन, लेकरू उचल. बाई अजून बोलतायत.”