दुप्पट ताकदीची बॅटरी

फार पूर्वी, फोनची पाठ नखानं उघडायची तेव्हा, दुरुस्तीच्या टेबलावर एक थकलेली बॅटरी पडली होती. तिच्या जागी ऑनलाइन मागवलेली नवी बॅटरी सुनेच्या तोऱ्यात आली.

"मी दुप्पट ताकदीची," नवी म्हणाली. फोन भुलला.

म्हातारीला मात्र तिच्यावरची छपाई पुसट दिसली. अशी नकली बॅटरी आत गेली की तापते, फुगते, फोनला जाळते.

"बाळा, आधी हिचं वजन कर."

"तुझा जळफळाट होतोय, आजी," म्हणत फोननं पोट उघडलं. नवी निम्मी आत शिरलीसुद्धा.

म्हातारी धडपडत टेबलावरच्या तराजूच्या पारड्यात पडली. "दुप्पट ताकद ना, सूनबाई? मग मला उचलून दाखव."

नवी ऐटीत बाहेर येऊन समोरच्या पारड्यात बसली आणि वरच लटकत राहिली; आतून पोकळच होती ती.

फोननं गुपचूप पोट मिटलं. "आजी, मग मी बंदच पडून राहू?"

"राहा. बंद पडलेला पुन्हा चालू होतो."